माझ्या कामाचा रकाना

१ फेब्रुवारी, रविवार

बोलले असते तर आज भांडी फुटली असती, म्हणून लिहितेय. ही डायरी दातांचं सामान विकणाऱ्या कंपनीनं फुकट दिलेली. मुखपृष्ठावर हसरी दाढ आहे. दाढेला हसायला काय जातं!

घरमालकानं डिसेंबरातच कळवलंय, एप्रिलअखेर घर रिकामं हवंय, त्याचा मुलगा परत येतोय. घर त्याचं आहे, त्याच्यावर माझा राग नाही. राग आहे तो नवऱ्यावर. वीस वर्षं बस डेपोत बसून वेळापत्रकं आखणारा हा माणूस आज आमच्या संसाराचंही वेळापत्रक करून घेऊन आला. जेवणाच्या टेबलावर भलामोठा कागद पसरला. डावीकडे एकाखाली एक तीन जागा: शहर, उपनगर, गाव. वर रकाने: भाडं, हवा, पाणी, दवाखाना, लेकीचं कॉलेज, त्याचा प्रवास, शांतता, पार्किंग. प्रत्येकाला दहापैकी गुण द्यायचे. पार्किंग! आमच्याकडे एक स्कूटर आहे आणि लेकीला तिची लाज वाटते म्हणून ती गल्लीच्या टोकाला उभी असते.

मी कागद दोनदा वाचला. म्हटलं, "आणि माझं काम?"

"तो रकाना मुद्दामच नाही ठेवला."

"मुद्दाम?"

"बघू ना नंतर." आणि कागदाच्या कडा सारख्या करत बसला.

"बाबा, माझ्या मैत्रिणींचा पण रकाना नाहीये," लेक म्हणाली.

"त्या शांततेत धरल्यात."

ते दोघं हसले. मी ताटं उचलली.

मी कवळ्या बनवते. डॉक्टर पेशंटच्या तोंडाचा ठसा घेतात, त्यावरून मी प्लास्टरचा साचा ओतते, मेणाच्या हिरड्या करते, त्यात एकेक दात बसवते. चार डॉक्टर मला काम देतात, चौघांचेही दवाखाने माझ्या खोलीपासून दहा मिनिटांच्या आत. रंग जुळला नाही, चावा बसला नाही, की साचा तासाभरात परत माझ्या हातात. हे उपनगरातून जमणार नाही आणि गावाचं तर नावच नको. त्याला हे सगळं माहीत आहे. माझ्या हातचं प्लास्टर गेली बावीस वर्षं त्याच्याही शर्टातून झटकलं जातंय. तरी पार्किंगला रकाना, आणि मला नाही.

५ फेब्रुवारी, गुरुवार

या आठवड्यात तीनच कामं. महिन्याची सुरुवात अशीच असते.

माझी खोली मोठ्या डॉक्टरांच्या दवाखान्याच्या मागे आहे. खिडकी जिन्याकडे उघडते, त्यामुळे दिवसाही दिवा. बेसिन, पॉलिशची मोटार, बर्नर, कपाटात जुने साचे. आज डॉक्टर स्वतः आत आले. बसले. "कसं काय चाललंय घरी?" असं विचारलं, चहा मागवला. बावीस वर्षांत पहिल्यांदा. मला वाटलं वय झालं की माणूस मऊ होतो. जाताना म्हणाले, "खोलीचा करार या वेळी वर्षाचा नको करायला. महिन्या-महिन्याचा ठेवू. तुम्हालाच मोकळं." चांगले आहेत. परक्या माणसाला माझ्या अडचणी कळतात, घरच्याला नाही.

बोळात फ्रिजएवढं खोकं आणून ठेवलंय. एक्स-रेचं मशीन असणार. साच्यांचा ट्रे घेऊन मला तिरकं होऊन जावं लागतं. चिडून सांगितलं शिपायाला, तो म्हणाला, "बाई, तेच आता इथे राहणार." म्हटलं, राहू दे, पण वाटेत नको.

८ फेब्रुवारी, रविवार

शहरातलं घर बघितलं. दीड खोली, पाचवा मजला. दलाल म्हणाला, "मॅडम, हा हॉल आहे असं समजायचं." मग पडद्यामागचं ते बेडरूम समजायचं होतं आणि खिडकीबाहेरची जाळी ही बाल्कनी. भिंतीपलीकडे कुणीतरी गुळण्या करत होतं, तो आवाज मात्र समजावा लागला नाही.

मी म्हटलं, "चालेल."

नवरा माझ्याकडे बघतच राहिला. "अगं, कपाट ठेवलं तर दार उघडणार नाही."

"कपाट नको मग."

"आणि मी झोपायचं कुठे?" लेकीनं विचारलं.

"झोपायला कितीशी जागा लागते!"

घरी आल्यावर त्यानं कागदावर शहरापुढे पटापट गुण भरले. दोन, तीन, दोन. पेन्सिलीचा आवाज ऐकूनही माझं डोकं फिरत होतं. मी इथेच जन्मले. या रस्त्यांवर मला आंधळी कोशिंबीर खेळता येईल. पण त्याचा रकाना नसतो.

१५ फेब्रुवारी, रविवार

दोन दिवस उपनगरात, वन्संकडे. त्यांच्याच इमारतीत एक घर रिकामं आहे. नवऱ्याची ही थोरली बहीण, मनानं वाईट नाही. पण त्यांच्या घरी पायपुसण्यावर पाय द्यायला भीती वाटते. सोफ्यावर चादर, चादरीवर टॉवेल, आणि आपण टॉवेलवर.

फाटकाशी नियमांची पाटी. दुपारी दोन ते चार ठोकाठोकी नाही. घरात कुठलाही धंदा नाही. संध्याकाळी सगळे लोक इमारतीभोवती गोल गोल चालतात. सगळे एकाच दिशेनं. मी उलटं चालून बघितलं, तर एक गृहस्थ थांबून म्हणाले, "नवीन का?"

वन्सं म्हणाल्या, "वहिनी, इथे आवाज म्हणून नाही बघ."

"माझी मोटार चालली की होईल."

"आता कशाला मोटार? आराम कर की. नाहीतरी ते दातांचं आता किती दिवस..."

"ताई!" नवरा एवढ्या जोरात ओरडला की त्यांच्या हातातली बशी हलली.

त्या बशी ठेवून आत गेल्या. मला जरा बरं वाटलं. माझ्या कामाला कुणी नावं ठेवली तर निदान एवढा राग तरी येतो त्याला. पण मग ते कागदावर का नाही येत?

२२ फेब्रुवारी, रविवार

गाव. याच्या डेपोतल्या एका सहकाऱ्याचं घर, तो बदलीवर गेलाय. तीन खोल्या, मागे पत्र्याची प्रशस्त शेड. दोन दिवसांत मला आवडलेल्या गोष्टी: शून्य. हगवण लागेल असं पाणी, रस्त्यावर खड्डे, दुकानात मागावं ते "उद्या येईल". नवरा सकाळपासून अंगणात हात मागे बांधून असा फिरत होता, जसं काही सात पिढ्यांची जमीन परत मिळाली. आठवड्यातून दोनच दिवस त्याला डेपोत जावं लागणार आहे आता, म्हणून ही चैन सुचते.

शेजारची बाई मी काय करते ते ऐकून तिच्या वडलांची कवळी रुमालात बांधून घेऊन आली. मधोमध तुटलेली आणि चपलेच्या सरसानं चिकटवलेली! मी तिला असं झापलं! हे माणसाच्या तोंडात जातं, चपलेत नाही. ती म्हणाली, "मग काय करणार? दाताच्या डॉक्टरीण बाई आठवड्यातून तीनच दिवस येतात, आणि कवळी शहरात पाठवली की महिना जातो. तोवर बाबांनी काय खायचं?"

माझ्याकडे अवजारांची छोटी पेटी होती. सहजच घेतली होती बरोबर. शेडमध्ये टेबल ओढलं आणि बसले. उत्तरेकडून उजेड येतो तिथे, सावली न पडणारा. तडा कुठून कुठे गेलाय ते दिव्याशिवाय दिसलं. मान वर केली तेव्हा अडीच तास झाले होते. दारात नवरा उभा. मी म्हटलं, "उजेड चांगला म्हणून कुणी घर घेतं का?"

संध्याकाळी ती डॉक्टरीण स्वतः आली, हातात तीच कवळी. माझ्यापेक्षा दहा वर्षांनी लहान असेल, केस विस्कटलेले. "हे तुम्ही केलंत? माझ्यासाठी कराल का काम?"

"माझं शहरात चालू आहे."

"अजून? किती दिवस?"

मी तिला पाणीही विचारलं नाही. आगाऊ कुठली.

३ मार्च, मंगळवार

बोळातलं खोकं उघडलं आज.

मी ट्रे घेऊन चालले होते. एक कोट घातलेला तरुण डॉक्टरांना मशीन दाखवत होता. मला म्हणाला, "या मॅडम, पेशंट का तुम्ही?" मी नाही म्हणायच्या आत त्यानं दाखवायला सुरुवात केली. तोंडात कॅमेरा फिरवायचा, पडद्यावर जबडा दिसतो, बटण दाबलं की दात तयार होऊन बाहेर. "ठसा नको, प्लास्टर नको, लॅबची कटकटच नको." त्यातून निघालेलं एक काम हातावर ठेवलं माझ्या. हलकं होतं. खालच्या दोन दातांची चढण चुकली होती, पण वाईट नव्हतं. खरं सांगायचं तर वाईट नव्हतं.

डॉक्टर कोट घातलेल्याला म्हणाले, "जरा बाहेर थांबा." मग माझ्याकडे न बघता, "जूनपासून आम्ही चौघं मिळून हेच वापरणार. तुम्हाला... मिस्टरांनी सांगितलं नाही? डिसेंबरातच आले होते ते. तुम्ही गावाहून काम पाठवलं तर मी घेईन का, ते विचारायला. तेव्हाच मी बोललो त्यांना."

डिसेंबर. जानेवारी. फेब्रुवारी. तीन महिने हा माणूस माझ्या समोर बसून जेवला.

ट्रे तिथेच ठेवला आणि चालत डेपोत गेले. ऑफिसात चार कारकून, भिंतभर वेळापत्रकं. मी दारातूनच म्हटलं, "वन्संना माहीत होतं. डॉक्टरांना माहीत होतं. शिपायालाही माहीत असेल. आणखी कुणाला सांगायचं राहिलंय? यांना सांगितलंस?" कारकुनांनी एकदम फायलीत डोकी घातली.

"तू बस तरी."

"नाही बसत."

"अगं, तो रकाना मी केला होता. आधी केला होता. शहरापुढे काय लिहू? शून्य लिहायला हात होईना. म्हणून सगळाच काढला."

"माझं शून्य मला लिहू द्यायचंस!"

"तुला त्रास होऊ नये म्हणून..."

"त्रास माझा आहे. तू कोण तो लपवून ठेवणारा?"

एका कारकुनानं पाण्याचा ग्लास पुढे केला. मी प्यायले आणि तशीच निघाले. जिन्यात रडू आलं, त्याचाही राग आला.

६ मार्च, शुक्रवार

बोलत नाही. लेकीमार्फत निरोप. "बाबा, आई म्हणते मीठ दे." "आईला सांग, तिच्याच हाताशी आहे."

९ मार्च, सोमवार

डॉक्टरांनी विचारलं, मशीन तुम्ही चालवाल का? पगार देतो, वातानुकूलित खोली. तासभर बसून बघितलं. पडद्यावर जबडा हवा तसा फिरतो, मेणासारखा हाताला चिकटत नाही. मला येतंय ते. दुपारपर्यंत मी त्या कोटवाल्याच्या चुका काढायला लागले होते.

हो म्हणावंसं वाटलं, हे इथे लिहून ठेवते. थंड खोली, ठरलेला पगार, तेच रस्ते, तीच दीड खोली. पण मग जाणवलं की तासभरात मी एकदाही हात धुतले नव्हते. हाताला काही लागलंच नव्हतं. मी माउसवर बोट ठेवून बसले होते आणि बोटाला काही काम नव्हतं. कुणी म्हणेल, लाडच चाललेत. असतील. सेहेचाळिसाव्या वर्षी एक लाड करून घेते.

नाही म्हणून सांगितलं.

१३ मार्च, शुक्रवार

गावच्या डॉक्टरीण बाईंना फोन केला. त्यांनी ओळखलं लगेच. म्हटलं, माझ्या अटी आहेत. घाई चालणार नाही. काम परत आलं तर का आलं ते चिठ्ठीवर लिहून यायला पाहिजे. आणि मला "ताई" म्हणायचं नाही.

"मग काय म्हणू?"

"काही नका म्हणू. काम पाठवा."

ती हसली. मी नाही.

नवऱ्याला सांगितलं, गाव. त्याचं तोंड एवढं उजळलं की मी तिथल्या तिथे बजावलं: "माझ्यासमोर आनंद दाखवायचा नाही. मी तुझ्यामुळे जात नाहीये. शेड माझी. तुझ्या कोंबड्याबिंबड्या त्यात फिरकायच्या नाहीत."

"कोंबड्या कोण म्हणालं?"

"चेहरा म्हणतोय."

१८ मार्च, बुधवार

लेकीचं बारावीचं वर्ष, कॉलेज आणि क्लास दोन्ही शहरात. गावाहून रोज अडीच तास जाणं-येणं शक्य नाही. सकाळी वन्संना फोन केला. दहा मिनिटांत सगळं ठरलं. मागची खोली, अभ्यासाचं टेबल, कितव्या थांब्यावरून कुठली बस, वन्संनी डब्याचंही बघून ठेवलं. फार मोठं ओझं उतरलं. शनिवार-रविवार ती आमच्याकडे.

संध्याकाळी सांगितलं तर लेक घास तोंडात तसाच ठेवून बघत राहिली.

"ठरलं? कधी?"

"आज सकाळी."

"मी कुठे होते?"

"कॉलेजात. अगं, किती सोय झाली बघ तुझी!"

"आत्याकडे? जिथे पायपुसण्याला पण पायपुसणं आहे? माझ्या मैत्रिणीच्या घरी मी पैसे देऊन राहणार होते, तिच्या आईशी बोलले पण होते. तुला सांगणारच होते."

"मग सांगायचं ना."

"तू विचारायचं ना!" आणि ताट सारून उठली. दार एवढ्या जोरात आपटलं की भिंतीवरचं घड्याळ हललं.

कसली उद्धट झालीय. नवरा माझ्याकडे बघत होता.

"काय बघतोस?"

"काही नाही," म्हणाला आणि तिचं ताट उचलून आत ठेवलं.

१२ एप्रिल, रविवार

सामान गेलं. साचे मी स्वतः मांडीवर घेऊन बसले ट्रकमध्ये. खोलीची किल्ली दिली तेव्हा डॉक्टर बराच वेळ काहीतरी बोलत होते, मी "हो, हो" केलं. लेकीला वन्संकडे सोडलं. बॅगा घेऊन ती लिफ्टमध्ये शिरली, वळली नाही. लिफ्टची दारं किती हळू मिटतात. वन्सं म्हणाल्या, "रुळेल गं." रुळायला काय झालं! एवढं सगळं मांडून दिलंय.

मला मात्र ट्रकमध्ये भर उन्हात थंडी वाजत होती.

२६ एप्रिल, रविवार

सलग दुसऱ्या शनिवारी ती आली नाही. "क्लास आहे." मी फोनवर म्हटलं, "बरी आहेस ना? जेवतेस ना नीट? आत्याशी नीट वागतेस ना?"

"हो. हो. हो."

मग ठेवला. मी इथे रोज चार तास इथलं गढूळ पाणी उकळून गाळून पिते, कुणासाठी? तिच्या डोक्यावर छप्पर नीट राहावं म्हणून दोन घरांचा खर्च चालवतोय आम्ही. आणि तिला तीन "हो" जड जातात.

नवऱ्यानं अंगणाच्या कोपऱ्यात जाळी लावायला घेतलीय. कशाला, ते विचारलं नाही.

७ मे, गुरुवार

डॉक्टरीण बाईंनी आज मला दवाखान्यात बोलावलं. म्हणाल्या, "तुमची पहिली पूर्ण कवळी बसवतेय, या." मी म्हटलं, मी पेशंटच्या खोलीत येत नाही. त्या म्हणाल्या, इथे एकच खोली आहे.

बावीस वर्षांत किती कवळ्या केल्या असतील, देव जाणे. पण एकही माणसाच्या तोंडात बघितलेली नाही. शहरात ठसा यायचा, डबीवर नंबर असायचा. तेवढीच ओळख.

खुर्चीत लाकडाच्या वखारीतला म्हातारा होता. दोन वर्षं दातांशिवाय, गाल आत गेलेले. बाईंनी वरची बसवली, खालची बसवली, आणि त्याचा चेहरा खालून वर भरत गेला. ओठ पुढे आले. हनुवटी खाली सरकली. समोर एकदम दुसराच कुणीतरी बसला होता, जरा रागीट, देखणाच.

मी पुढे झाले. "बसली ना घट्ट? टोचत नाही ना? बरं वाटतंय ना?"

तो मान डोलवत राहिला. बाईंनी माझा दंड धरून मागे ओढलं. "तुम्ही उत्तरासकट विचारताय. तो बिचारा हो म्हणणार, घरी जाणार आणि कवळी फडताळात टाकणार. विचारायचं, आणि पाच मिनिटं गप्प बसायचं."

मला राग आला. माझ्याहून लहान पोरगी! पण बसले. पाच मिनिटं फार असतात. म्हाताऱ्यानं जीभ फिरवली. आवंढा गिळला. भिंतीकडे बघितलं. मग म्हणाला, "डावीकडे खाली टोचतंय. बोलताना शब्द घसरतोय. आणि बाई, एवढे पांढरे दात? मी पावडर लावून आल्यासारखा दिसतो."

रंग तक्त्यावरून निवडलेला होता, जिभेवर आलं होतं. गिळलं. डावीकडे केसभर घासून दिलं. रंगासाठी सबंध पुढचे सहा दात परत करावे लागतील, करते म्हटलं. तो म्हणाला, "करा. मी आहे इथेच."

शेडकडे परत आले, तर नवरा कोंबड्यांच्या खुराड्यासाठी टेपनं माप घेत होता. मला बघून टेप लपवला. फोन घेऊन पत्र्याच्या सावलीत बसले आणि लेकीला लावला.

"हां आई. बरी आहे, जेवले, क्लास झाला."

"मी विचारलंच नाही अजून."

"मग?"

"तिकडे कसं आहे ते सांग."

बराच वेळ काही नाही. रस्त्यावरून कुणीतरी सायकल ढकलत गेलं. मला सतरा गोष्टी सुचत होत्या. आत्या किती करते तुझं, हे एक. खिडकी आहे ना खोलीला, हे दुसरं. ओठ दाताखाली धरून बसले.

मग ती बोलायला लागली. आधी हळू, मग भांडल्यासारखी, मग भांडतच. वन्संचा टॉवेल, गोल गोल चालणारे लोक, मैत्रिणीच्या आईसमोर तिला कसं वाटलं, लिफ्टमध्ये ती का वळली नाही. बरंचसं मला पटलं नाही. काही तर सरळ खोटं होतं, मी तसं कधीच म्हटलं नव्हतं. तिला पुढच्या महिन्यात मैत्रिणीकडे जायचंय, आणि ती जाणार आहे. वन्संना काय सांगायचं ते मी बघायचं आहे.

मधेच थांबली. "आई? आहेस ना? की ठेवलास?"

"आहे," म्हटलं. "बोल."